नदीकडच्या दोरीवरची चादर

स्टोनक्लोव्ह,
सोमवार, ८ सप्टेंबर १९५८

चि. हेस्टर हिस गॅरेटदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एमिलला जाऊन येत्या गुरुवारी वर्ष होईल, हे माझ्या लक्षात आहे. ओहायोत शेजार चांगला आहे आणि घर फार मोठं वाटतं, असं तू लिहितेस. दोन्ही वाचलं. इकडे आईची वरची खोली रिकामीच असते. सध्या तिथे भोपळे ठेवलेत, पण भोपळ्यांचं काय, ते कुठेही राहतात.

आता बातमी. आपल्या खालच्या कुरणात सिनेमावाल्यांनी किल्ला बांधलाय. कॅप्टन लँबर्ट मॅटिसचा, म्हणजे आपल्याच पूर्वजाचा. पुढून ओंडके आणि मागून नुसत्या फळ्या, त्यामुळे फ्रेंच मागून आले असते तर दोन मिनिटांत आत आले असते. हे सगळं आपल्या क्लॉसच्या लॉटीचं काम. ती न्यूयॉर्कला या कंपनीत लागली हे तुला माहीत आहेच. तिने त्यांना सांगितलं की आमच्या काकाच्या कुरणात दोनशे वर्षांपूर्वी फ्रेंचांचा खरा वेढा पडला होता, खोटा किल्ला दुसरीकडे कशाला बांधता. तिचा बाप असता तर खूश झाला असता.

गाववाले सगळे किल्ल्यातले शिपाई झालेत आणि नदीपलीकडचे ड्राय ब्रुकवाले फ्रेंच. फ्रेंचांचा सेनापती त्यांचा दंतवैद्य एड झिमर आहे. आपल्याकडच्या निम्म्या लोकांच्या दाढा त्यानेच काढल्यात, त्यामुळे लढाईत जोर आपोआप येतो. मला किल्लेदार केलं. मी कुरणातून गायी हलवायला नकार देत उभा होतो, तेव्हा दिग्दर्शक मि. ब्रँडल यांना माझा चेहरा आवडला म्हणे.

सिनेमातली कथा जुलैतली आहे आणि आपले मेपल लाल व्हायला लागलेत. म्हणून चार माणसं शिड्या लावून झाडांना हिरवा रंग फासतात. नायक कॅलिफोर्नियाचा आहे, डोक्यावर रॅकूनची टोपी घालून फिरतो आणि होडीत बसला की त्याला ओकारी येते. शूर माणूस आहे, पण जमिनीवर.

एकच अडचण आहे. त्यांच्या कागदात शेवटी किल्लेदार पांढरं निशाण चढवतो असं लिहिलंय. मी मि. ब्रँडलना शांतपणे सांगितलं की छापताना चूक झालेली दिसते. उद्या नऊ तारीख, वेढा उठल्याचा दिवस. पाद्री नेहमीप्रमाणे किल्ल्यातल्या त्या एकतीस जणांची नावं वाचतील, शरण गेलात का म्हणून विचारतील आणि सगळं गाव नाही म्हणेल. तू लहानपणी सगळ्यांच्या आधी नाही म्हणून आईचा चिमटा खायचीस. मि. ब्रँडलनाही बोलावलंय. ऐकतील आणि सुधारतील.

मायेत अंतर पडू देऊ नकोस, आहे तेवढं अंतर पुरे.

तुझा,
गॅरेट


टोलेडो, ओहायो,
१३ सप्टेंबर १९५८

ती. गॅरेटदादास हेस्टरचा सा. न. वि. वि.

ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय या वयातही गेलेली नाही. आईची खोली रिकामी आहे असं लिहायचं आणि लगेच तिच्यात भोपळे भरायचे. अरे, बहिणीला ये म्हणायचं असेल तर ये म्हणावं.

तू म्हणणार नाहीस, कारण मग तुला १९२४ च्या मे महिन्यातल्या त्या सोमवारबद्दल बोलावं लागेल. लग्न होऊन मला आठवडा झाला होता. सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस, म्हणून मी लग्नातल्या चादरी धुतल्या आणि पुढच्या अंगणात नदीकडच्या दोरीवर घातल्या. आपल्या गावात पांढरं कापड नदीकडे तोंड करून वाळत घालत नाहीत, शत्रूला शरणागती वाटेल, हे मला पाळण्यापासून ठाऊक होतं. पण शत्रू कित्येक वर्षांत फिरकला नव्हता आणि मागच्या अंगणात ऊन नव्हतं. तू त्या ओढून काढल्यास आणि डुकरांच्या चिखलात टाकल्यास. वर म्हणालास की ड्राय ब्रुकचा नवरा करणाऱ्या बाईकडून दुसरं काय होणार. एमिल शेजारी उभा होता. त्याने एकेक चादर उचलून घडी केली. शुक्रवारी आम्ही गाडी धरली.

चौतीस वर्षं आपण एकमेकांना गाईंचं, सांध्यांचं, पिकाचं लिहितो आहोत. त्या सोमवारबद्दल तुझी एक ओळ नाही. दादा, मला घरी यायचंय. हे मी सरळ लिहिते, कारण आपल्या घरात एकाने तरी सरळ लिहावं. इथे संध्याकाळी मी दोन ताटं मांडते आणि मग एक उचलते. पण भोपळ्यांच्या जागी म्हणून मी येणार नाही. माझं चुकलं, एवढे दोन शब्द लिही, मी दुसऱ्या दिवशी पेटी बांधते.

आणि सिनेमातलं निशाण मुकाट्याने चढव. लॉटीने शब्द टाकलाय, पोरीची पहिली नोकरी आहे.

लोभ जुनाच आहे, त्याला रंग फासावा लागत नाही.

तुझी,
हेस्टर


(पोस्टकार्ड)
स्टोनक्लोव्ह, १८ सप्टेंबर

चि. हेस्टर हिस आशीर्वाद. पत्र पोचलं. सांधे बरे आहेत. काळ्या गाईला कालवड झाली. मॅटिस शरण जात नाहीत हे तुला ठाऊकच आहे. भोपळे खाली आणलेत, पण ते वर थंडी लागते म्हणून. — गॅरेट


स्टोनक्लोव्ह,
२५ सप्टेंबर १९५८

ती. हेस्टर आत्यास लॉटीचा शि. सा. न.

आत्या, तू मला शहाणी म्हणायचीस ना, ते मागे घे. या माणसांना मी सिनेमात घेतलं.

शरणागतीचं दृश्य आतापर्यंत चार वेळा झालं आणि चारही वेळा किल्ला जिंकला. पहिल्या दिवशी ड्राय ब्रुकवाले तटाला शिड्या लावून चढणार आणि आपले लोक मागे हटणार असं ठरलं होतं. आपले लोक हटेनात. मि. ब्रँडल कर्ण्यातून ओरडत होते की मागे व्हा, मागे व्हा. काकांनी वरून नम्रपणे कळवलं की आम्हाला तशी सवय नाही. दुसऱ्या दिवशी मिसेस बाऊक आणि चर्चमधल्या बायकांनी घरून मक्याच्या पिठाची खीर उकळून आणली आणि शिडीवरच्यांच्या डोक्यावर ओतली. कोमट होती, त्यांनी आधी बोट घालून पाहिलं होतं, हे मला त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्या दिवशी आपल्या लोकांनी बाहेर पडून फ्रेंचांची तोफ पळवून आणली. ती अजून बाऊकांच्या गोठ्यात आहे. चौथ्या दिवशी डॉ. झिमर कैद झाले आणि त्यांना जेवू घालून सोडलं.

निशाणाची तर वेगळीच तऱ्हा. कपड्यांच्या विभागात एक पांढरं निशाण होतं, ते नाहीसं झालं. दुसरं शिवलं, त्याला कोणीतरी निळा रंग दिला. मी गावात घरोघर पांढरी चादर मागत फिरले, तर सगळ्यांनी ॲपल पाय खायला घातला आणि चादर कोणीच दिली नाही. पाद्रीबुवांच्या घरी तर टेबलक्लॉथही पिवळे निघाले. मी कंटाळून ऑल्बनीहून तीन चादरी मागवल्या. पोस्टमास्तर म्हणतात आल्या नाहीत, आणि म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

मि. ब्रँडल आता कोणाचाही सल्ला घेतात. इथे कॅमेऱ्याचा उंच मनोरा आहे, तो उभारायला मिच डायाबो म्हणून इथल्या मोहॉक आदिवासी जमातीचा माणूस आलाय. न्यूयॉर्कच्या निम्म्या इमारतींचं लोखंड यानेच चढवलंय असं म्हणतात. मि. ब्रँडलनी त्याला विनवलं की आमच्या नटांना रानातून चाहूल न देता कसं चालायचं ते शिकव. तो म्हणाला की पणजोबांना येत असेल, मी शिट्टी वाजवत चालतो, म्हणजे अंगावर तुळई पडत नाही. मग थोडा वेळ नटांकडे पाहून त्याने काळजीने विचारलं की या सगळ्यांनाच बूट लागतात का.

आत्या, हसू नकोस, पुढचं वाईट आहे. झाडांची पानं गळताहेत. रंग दिलेली हिरवी पानंसुद्धा गळतात, आता कापडाची पानं तारेने बांधतात. सोमवारी, सहा ऑक्टोबरला, शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर मंडळी कॅलिफोर्नियाला जाऊन पुठ्ठ्याच्या किल्ल्यात ते दृश्य घेणार आणि मला इथेच सोडणार. काकांच्या पाया पडले. ते म्हणाले की पोरी, तुझ्यासाठी गाय विकीन, पण हे नको मागूस. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. तुझं ते ऐकतील का? तुझंही ऐकत नाहीत, हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

तुझ्या आशीर्वादाची फार गरज आहे, जरा सढळ हाताने पाठव.

तुझी,
लॉटी


टोलेडो,
२९ सप्टेंबर १९५८

ती. गॅरेटदादास हेस्टरचा नमस्कार.

सोबतचं पार्सल आधी उघडू नकोस. आधी हे वाच, आणि बसून वाच.

मी घर सोडलं तेव्हा आईने मला जुनी ओकची पेटी दिली होती, आठवतं? इथे आल्यावर पेटीच्या तळाचा कागद काढला, तर खाली एक चादर आणि एक पत्र सापडलं. चादर जाड हातविणीची, कोपऱ्यात लाल दोऱ्याने ए. एम. काढलेलं. पत्र आपल्या ॲनेत्येचं, कॅप्टन लँबर्टच्या बायकोचं. ऑल्बनीला बहिणीला लिहिलेलं आणि कधीच न पाठवलेलं. पत्र आपल्या पूर्वजांच्या जुन्या डचमध्ये आहे आणि डच मला मोडकंतोडकं येतं, म्हणून इथल्या एका पाद्र्याकडून दोनदा वाचून घेतलं. पत्र चादरीच्या घडीत ठेवलंय, गावातल्या म्हाताऱ्या मास्तरांना दाखव.

तिने लिहिलंय की वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीचं पाणी संपलं. पोरं ओले दगड चाटत होती. तेव्हा लँबर्टने तिला आपली चादर काठीला बांधायला सांगितली. ती बांधत असताना तो रडला, असंही तिने लिहिलंय. चादर तटावर चढली. दादा, किल्ला शरण गेला होता.

पण फ्रेंचांना ते धुणं वाटलं. त्यांचा एक लंगडा शिपाई मागे राहिला होता, त्याने नंतर सांगितलं. त्यांच्या सेनापतीने दुर्बिणीतून चादर पाहिली आणि म्हणाला की तिसऱ्या दिवशीसुद्धा यांच्याकडे कपडे धुवायला पाणी आहे, म्हणजे हे महिनाभर सहज टिकतील. दुपारी त्यांनी तळ उठवला. लँबर्टने सगळ्यांकडून शपथ घेतली की याची वाच्यता करायची नाही, आणि फर्मान काढलं की यापुढे कोणी पांढरं कापड नदीकडे वाळत घालायचं नाही. शौर्य नव्हतं रे ते, लाज होती.

मग चौतीस वर्षं हे मला ठाऊक असून मी गप्प का बसले, असं तू विचारशील. पहिलं वर्ष रागात रोज वाटायचं की पाठवावं आणि तुझं तोंड पाहावं. पण एमिल म्हणाला की त्या माणसाकडे कुरण, गाई आणि तो किल्ला एवढंच आहे, त्यातलं एक काढून घेऊन तुला काय मिळणार. मला पटलं. तू माझ्या चादरी चिखलात टाकल्यास, तरी तुझी चादर मी घडी करून ठेवली.

आता लॉटीसाठी पाठवते. नक्कल ठेवलेली नाही. चुलीत घातलंस तरी कोणाला कळणार नाही आणि मीही पुन्हा विषय काढणार नाही. तुझा निर्णय.

तुझी,
हेस्टर


स्टोनक्लोव्ह,
७ ऑक्टोबर १९५८

ती. हेस्टर आत्यास लॉटीचे शंभर नमस्कार.

काल काय झालं ते सगळं क्रमाने सांगते, नाहीतर माझाच त्यावर विश्वास बसणार नाही.

सकाळी नऊला काका किल्लेदाराच्या लाल कोटात तटावर चढले. बगलेत तुझं पार्सल होतं. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले की चित्रीकरणाआधी गावाला काही वाचून दाखवायचंय. मास्तरांकडून भाषांतर करून घेतलेलं ॲनेत्येचं सगळं पत्र वाचलं, अगदी पोरं दगड चाटत होती ते आणि लँबर्ट रडला तेही. मग मिसेस बाऊक हळूच म्हणाल्या की अरे देवा, आणि मी बेचाळीस वर्षं चादरी माळ्यावर वाळवल्या. बऱ्याच बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायला लागल्या. पोस्टमास्तरांनी खिशातून चावी काढून माझ्या हातात दिली आणि तिन्ही चादरी कुठल्या कपाटात आहेत ते सांगितलं.

काकांनी कोणाला हात लावू दिला नाही. त्यांनी स्वतः ती चादर काठीला बांधली. मि. ब्रँडलनी खूण केली, तिन्ही कॅमेरे सुरू झाले आणि चादर वर गेली. वारा चांगला होता. मी रडत होते, नायक रडत होता, कपडेवाली रडत होती.

आणि फ्रेंच काही येईनात.

ते पलीकडच्या काठावर होते, त्यांनी पत्र ऐकलंच नव्हतं. शिवाय चार वेळा मार खाऊन ते सावध झाले होते. डॉ. झिमरनी चादर पाहिली, पण आज सोमवार, धुण्याचा दिवस, तेव्हा कोणाची तरी चादर असणार असं त्यांना वाटलं. मॅटिस शरण जाईल हे तर त्यांच्या डोक्यातच येईना. त्यांनी एक माणूस पाठवून कळवलं की तुमचं धुणं वाळलं की सांगा, आम्ही थांबतो. इकडे आपले लोक ताठ उभे, शरण जाण्याची कोणाला सवय नाही, पुढे काय करायचं ते माहीत नाही. मनोऱ्यावरून मिच डायाबोला दोन्ही बाजू दिसत होत्या. तो हात हलवून ओरडत होता की अहो, शरण आलेत ते, घ्या की. तेवढ्यात जेवणाच्या गाडीची घंटा झाली. काल डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी होता. सगळी फ्रेंच सेना बंदुका टाकून रांगेत जाऊन उभी राहिली.

काका तटावर एकटेच उभे होते. चादर वर आणि समोर रिकामा काठ. मी वर गेले, तर ते मला म्हणाले की दोनशे वर्षांत दोनदा शरण आलो आणि दोन्ही वेळा कोणी घेतलं नाही. मग हसायला लागले. आत्या, मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता खालीच बसले.

मि. ब्रँडलनी कॅमेरे बंद केले नव्हते. ते आधी कपाळावर हात मारून बसले, मग उठले आणि म्हणाले की हाच शेवट. आता सिनेमात किल्ला धुण्यामुळे वाचतो. माझी नोकरी राहिली. नायकाचं एवढंच म्हणणं आहे की मग मी धबधब्यातून उडी कशासाठी मारली होती.

काका कालपासून घरात काहीतरी ठोकाठोक करताहेत आणि मला आत येऊ देत नाहीत. एवढंच म्हणाले की हेस्टरला पत्र मी लिहीन, तू मध्ये पडू नकोस.

तुझ्या पार्सलइतकीच तुझी माया जड असू दे.

तुझी,
लॉटी


स्टोनक्लोव्ह,
सोमवार, १३ ऑक्टोबर १९५८

प्रिय हेस्टर,

आशीर्वाद आज लिहीत नाही. ज्याचं चुकलं त्याने ते देऊ नयेत.

माझं चुकलं. त्या दिवशी तुझ्या चादरी चिखलात टाकल्या ते चुकलं, आणि एमिलबद्दल बोललो ते त्याहून चुकलं. त्याने त्या उचलून घडी केल्या ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होतो. तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. ती चार पावलं मला चौतीस वर्षांत जमली नाहीत.

पार्सल आलं त्या दिवशी मी पत्र चुलीजवळ नेलं होतं, हेही सांगतो. मग चादरीचा कोपरा पाहिला. तू इतकी वर्षं ती जपलीस आणि एकदाही माझ्या तोंडावर फेकली नाहीस. मग जाळवेना.

माझी शरणागती ड्राय ब्रुकवाल्यांनी घेतली नाही, त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. म्हणून ती आता तुझ्याकडे पाठवतो. तू तरी घे.

आईच्या खोलीला नवी खिडकी बसवली. भोपळे बाऊकांना दिले, तोफ परत केल्यामुळे त्यांच्या गोठ्यात जागा झाली होती. पुढच्या अंगणात नवे खांब रोवून नदीकडे दोरी बांधलीय आणि आज सकाळी ॲनेत्येची चादर धुऊन तिच्यावर घातली. मला धुणं येत नाही, थोडी निळसर झालीय. दुपारपर्यंत बाऊकांच्या दोरीवर चार चादरी होत्या आणि पाद्रीबुवांच्या दोरीवर दोन. नदीपलीकडून एड झिमर ओरडून विचारत होता की आता गाव नक्की शरण आलंय की नुसतं धुतंय. मी त्याला सांगितलं की तुझा संबंध नाही.

चादर काढायची कशी, घडी कशी घालायची, ते मला ठाऊक नाही. ती दोरीवरच राहील. तू ये आणि काढ.

स्टेशनावर मी उभा असेन, गाडी कुठलीही असो.

तुझा,
गॅरेटदादा